हडळीचं माहेर

मैत्रिणींनो, २०२४ साली 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा आला आणि कोकणातल्या पिंपळावरचं आपलं जुनंपानं भूत एकदम देशभर गाजलं. तेव्हापासून घरोघरची पोरंटोरं विचारू लागली, ''आजी, मुंजा खरंच असतो का गं? आणि हडळ? आणि खवीस?'' आज्यांनाही हुरूप आला. टीव्ही बंद करून पोरं गोष्ट ऐकायला बसतात, हे सुख हल्ली कुठल्या आजीच्या वाट्याला येतंय! मग पिंपळावरचा मुंजा, विहिरीतला गिऱ्हा, पुरलेल्या धनावर बसलेला समंध, गावाची हद्द राखणारा देवचार, डोहातल्या साती आसरा, असे एकेक जण पुन्हा माजघरात येऊन बसले.

येऊ देत की! या गोष्टी आपल्या आहेत. अंधार, पाऊस, गेलेली वीज आणि आजीच्या कुशीत शिरून ऐकलेलं भूत, हे ज्याच्या वाट्याला आलं नाही त्याचं बालपण थोडं अळणीच म्हणायचं. पण आज या मंडळींकडे जरा मोठ्या माणसांच्या नजरेनं बघू या. भुतं खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. एवढंच विचारू, की भूत होण्याआधी हे सगळे कोण होते?

याचं उत्तर आपल्या लोकांनी फार बारकाईनं देऊन ठेवलंय. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना लोककथा, लोकसमजुती गोळा करण्याचा नाद होता. १९०९च्या डिसेंबरमध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. जॅक्सन यांनी जमवलेल्या माहितीतून पुढे एन्थोवन नावाच्या अधिकाऱ्यानं कोकणातल्या लोकसमजुतींचं पुस्तक तयार केलं. ते १९१५ साली मुंबईत छापलं गेलं. त्यातली बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून धाडलेली. त्यात भुतांची अगदी जातवार, प्रकारवार यादी आहे.

आता ही यादी नीट वाचा बरं का. मुंजा कोण? मुंज झालेली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. ब्रह्मराक्षस कोण? विद्येचा ताठा असलेला विद्वान. समंध कोण? मागे वारस न ठेवता गेलेला, पैशात जीव अडकलेला माणूस. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेला. म्हणजे पुरुषाचं भूत ठरवताना त्याची विद्या, त्याचा पैसा, त्याची जात, त्याचा मृत्यू, सगळं बघितलं जायचं.

आणि बाईचं भूत? जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली सवाष्ण. लावसट म्हणजे विधवा. हडळ म्हणजे बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत किंवा मासिक पाळी चालू असताना गेलेली बाई. संपली यादी! ती सुगरण होती का, ओव्या सुंदर रचायची का, शेत एकटीनं सांभाळायची का, भांडकुदळ होती का प्रेमळ, याची नोंद नाही. नवरा होता की नव्हता आणि कूस उजवली होती की नव्हती, या दोनच खुंट्यांना बाईचं आयुष्य टांगलेलं. मेल्यावरही सुटका नाही!

पुढची गंमत अशी, की पुरुष भुतांना बढती मिळते. वेताळ हा तर सगळ्या भुतांचा राजा. पण सिंधुदुर्गातल्या आरवलीला जाऊन बघा. तिथे तो 'वेतोबा' आहे, गावाचा राखणदार आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री गावाच्या रक्षणाला फिरून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. देवचारालाही मान आहे, नैवेद्य आहे. हडळीला काय? उंबऱ्यात ठोकलेला खिळा! बाळंतपणात बाई गेली, की ती परत घरी येऊ नये म्हणून काही ठिकाणी स्मशानाच्या वाटेवर धान्याचे दाणे टाकायचे. दाणे वेचता वेचता उजाडेल आणि ती माघारी जाईल, हा हिशेब. ज्या घरासाठी तिनं जीव दिला, त्या घराची दारं तिला अशी बंद व्हायची.

आता त्या 'दहा दिवसां'कडे या. पंधरा नाही, महिना नाही, दहाच का? एक कारण आपल्याला ठाऊक आहे. बाळंतपणाचं सोयर दहा दिवसांचं. त्या काळात बाळंतीण विटाळातली. अंधारी, कोंदट खोली, जुनेर, वाकळ, आणि सुईण सोडली तर कुणी शिवायचं नाही. दुसरं कारण डॉक्टर सांगतील. बाळंतपणाच्या वेळी अस्वच्छ हात, अस्वच्छ कापड लागलं की जंतुसंसर्ग होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप चढतो, बाई बरळायला लागते, आणि औषध मिळालं नाही तर बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत सगळा खेळ आटोपतो. यालाच सूतिकाज्वर म्हणतात. म्हणजे ज्या दहा दिवसांत बाईला माणसाच्या हाताची, गरम पाण्याची, स्वच्छ कपड्याची सगळ्यात जास्त गरज होती, नेमक्या त्याच दहा दिवसांत तिला आपण कोपऱ्यात टाकत होतो. ती गेली की म्हणत होतो, हडळ झाली!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. तिकडे युरोपात, व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४७ सालच्या एप्रिल महिन्यात एका प्रसूती विभागात शंभरातल्या अठरा बायका दगावल्या होत्या. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं, की मुडद्यांची चिरफाड करून डॉक्टर तसेच बाळंतिणीकडे येतात. त्यानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याचा नियम केला. त्याच उन्हाळ्यात मृत्यूंचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं. मंत्र नाही, अंगारा नाही. हात धुतले, इतकंच! त्यासाठीही बिचाऱ्याला पुष्कळ विरोध सोसावा लागला, ही गोष्ट वेगळी.

आणि आपल्याकडे? आनंदीबाई जोशी आठवा. वयाच्या चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचं बाळ दहाच दिवसांत गेलं. पुन्हा तेच दहा दिवस! वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचलं असतं, या सलीतून ती पोर सातासमुद्रापार गेली. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या एकविसाव्या वर्षी गेली. त्यांनी पदवीच्या प्रबंधासाठी विषय निवडला होता तोही हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. कुणाच्या नजरेला किंवा भुताला बोल न लावता आनंदीबाईंनी विचारलं, की उपचार का मिळाले नाहीत? आपल्या सगळ्यांच्या वतीनं विचारलेला तो प्रश्न होता.

बाळांचीही तीच कथा. पाचवीच्या रात्री आपण पाटा-वरवंटा मांडतो, कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणतो. रात्रभर जागतो. ही पूजा गोड आहे, पण तिच्यामागची भीती फार जुनी आहे. दूध पिणारं बाळ अचानक तोंड मिटतं, धनुकलीसारखं ताठ होतं आणि जातं. 'सटवीनं नेलं' म्हणायचे. हा बहुतेक वेळा धनुर्वात असायचा. विळ्यानं नाळ कापायची, तिच्यावर राख नाहीतर शेण लावायचं, त्यातून जंतू शिरायचे आणि साधारण आठवड्याभरात बाळ दगावायचं. पुढे गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शनं आली, नाळ कापायला नवं ब्लेड आलं, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्यात हे प्रमाण हजार जन्मांमागे एकाच्याही खाली आलं. सटवाई अजून पाचवीला येते, पण आता फक्त नशीब लिहायला येते!

जखिणीची कहाणी तर चटका लावणारी. हा शब्द 'यक्षिणी'वरून आलाय. यक्षिणी म्हणजे झाडांची, भरभराटीची, सुफळतेची देवता. जुन्या लेण्यांच्या दारांशी, स्तूपांच्या तोरणांवर ती किती डौलानं उभी असते! तिची झाली जखीण. अप्सरांच्या झाल्या आसरा. नाही म्हणायला आसरांना अजून डोहाकाठी, विहिरीपाशी शेंदूर लागतो, ओटी भरली जाते. जखिणीच्या वाट्याला धाकच आला. पहिली बायको गेली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायचे. 'सवतीचा टाक'. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं, नाहीतर ती त्रास देईल! नवऱ्याला मात्र काही घालावं लागत नसे. मेलेल्या बाईची भीती घालायची तीही जिवंत बाईलाच, असा हा सगळा कारभार.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, आता कशाला उगाळायचं? उगाळायचं अशासाठी, की हडळ अजून गेलेली नाही. ती फक्त जिवंत बाईच्या अंगावर येऊन बसली आहे.

बघा, बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत हजारातल्या एक-दोन जणींना एक गंभीर मानसिक आजार होतो. झोप पूर्ण उडते, बाई असंबद्ध बोलते, तिला आवाज ऐकू येतात, कधी ती बाळाकडे संशयानं बघते, 'हे माझं नाहीच' म्हणते. केस मोकळे, डोळे तारवटलेले. घरातल्यांना वाटतं, हडळीनं धरलं! ओली बाळंतीण तिन्हीसांजेला बाहेर गेली होती ना, मग हे होणारच. लगेच नारळ-लिंबू, अंगारा, कुणा भगताकडे खेप. या आजारात प्रत्येक दिवस मोलाचा असतो. वेळेवर डॉक्टरकडे नेलं तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, बाळाला घेऊन हसतात-खेळतात. उशीर झाला तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका असतो. जुन्या पुस्तकात हडळीचं वर्णन पुढून भरलेली आणि पाठीमागून नुसता हाडांचा सापळा, असं केलंय. पुढून बारशाची साडी नेसलेली, आणि मागून आतून पार पोखरलेली, अशी बाळंतीण कधी आपल्या नात्यात दिसली नाही का हो?

दुसरी गोष्ट 'अंगात येण्या'ची. सासरी तोंडातून चकार शब्द न काढणारी सून अंगात आलं की सासूला अरे-तुरे करते, नवऱ्याला खडसावते, मला माहेरी धाडा म्हणते. आणि सगळं घर हात जोडून ऐकतं! ती ढोंग करते असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. किती तरी वर्षं गिळलेलं बोलणं असं बाहेर पडतं. सुनेचं ऐकायचं नाही पण भुताचं ऐकायचं, असा घराचा नियम असेल तर दुसरं काय होणार? अशा सुनेला झोडपण्यापेक्षा तिला एकदा शांतपणे विचारावं, ''काय होतंय बाई तुला?'' निम्मं भूत तिथंच उतरतं. उरलेल्यासाठी डॉक्टर आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात भयंकर. चेटकीण, डाकीण. ही तर मेलेलीही नसते. सातपुड्याच्या भागात, नंदुरबार-धुळ्याकडे बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. डाकीण कोण ठरते? पुष्कळदा एकटी, विधवा, म्हातारी. जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी. किंवा जी फार बोलते अशी. गावात ताप आला, गुरं मेली, की बोट तिच्याकडे. आणि हे बोट दाखवणाऱ्यांत बायकाही असतात, हे आपण कबूल केलंच पाहिजे.

यासाठी आपल्या राज्यात आता कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी अनेक वर्षं जिवाचं रान केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरानं, साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, केस उपटणं, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. कुणाला चेटूक करणारी ठरवून छळणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. तक्रारीकडे लक्ष द्यायला पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी असतो. देवधर्म, पूजा, व्रतं यांना या कायद्यानं हात लावलेला नाही. तेव्हा ''आमच्या श्रद्धेचं काय?'' म्हणून कुणी अडवलं तर हे खुशाल सांगा.

हे सगळं वाचून उदास होऊ नका बरं का. चित्र बदललंय, आणि ते बदलायला कुणी मांत्रिक लागला नाही. २०१८ ते २०२० या काळातली सरकारी आकडेवारी सांगते, की महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशात हा आकडा ९७ होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात गावातल्या घराघरातून एखादी तरी बाळंतिणीच्या खोलीतून परत आली नाही, त्या मानानं ही केवढी मजल! गावातली आशाताई, दवाखान्यातली नर्स, रात्री-अपरात्री धावणारी १०८ची गाडी, गर्भारपणातल्या तपासण्या आणि लोहाच्या गोळ्या, यांनी जितक्या हडळी 'होऊ दिल्या नाहीत', तितक्या कुठल्या भगतानं उतरवल्या नसतील. तरीही ते ३३ काही नुसते आकडे नव्हेत. त्यातल्या प्रत्येकीला नाव होतं, माहेर होतं.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. भुतांच्या गोष्टी सांगायच्या, अगदी रंगवून सांगायच्या. फक्त हडळीच्या गोष्टीला एक वाक्य जोडायचं, ''ती बिचारी बाळंतपणात गेली होती गं, तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही.'' ऐकणारी नात घाबरेल, पण योग्य गोष्टीला घाबरेल. घरात ओली बाळंतीण असेल तर तिच्या उशाशी विळा ठेवायचा तर ठेवा, पण तिला ताप आहे का, ती झोपते का, ती रडते का, याकडेही रोज बघा. ती विचित्र वागू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मनाच्या आजारासाठी १४४१६ हा सरकारी फोन नंबर २०२२ सालापासून आहे, फुकट आहे. मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा. आणि गल्लीत कुणाला 'तिची नजर वाईट' म्हणून वाळीत टाकणं चाललं असेल, तर निदान आपण त्या बाईच्या दारात हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन जाऊ या. ती विधवा असली तरी. विधवा असली तर मुद्दामच!

आणखी एक. पितृपक्षात भाद्रपद वद्य नवमीला आपण अविधवा नवमी करतो. घरातली जी कुणी नवऱ्याआधी गेली तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतो. बहुतेक घरांत ती नुसती 'आजेसासूबाई', 'थोरली' किंवा 'पहिली' असते. या वर्षी घरातल्या वडीलधाऱ्यांना जरा खोदून विचारा. तिचं नाव काय होतं? माहेर कुठलं? किती वर्षांची होती? कशानं गेली? मुलींना जवळ बसवून विचारा, आणि मिळेल ते उत्तर एका वहीत लिहून ठेवा. ज्या विधवा होऊन गेल्या, त्यांच्यासाठी अशी तिथी नाही. त्यांचीही नावं त्याच वहीत लिहा. पान वाढाल तेव्हा त्या नावांनी हाक मारा.